अंड्याएवढं खेळणं, खायला मागतं! काय आहे 'तामागोची'चा छंद?

जपानमधील बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये 'तामागोची' हे खेळणं बाजारात आणलं. जपानीत 'तामागो' म्हणजे अंडं. छोट्या स्क्रीनवर अंड्यातून पिल्लू निघतं. तीन बटणं दाबून त्याला खाऊ घालायचं, खेळवायचं, घाण साफ करायची, आजारी पडलं तर औषध द्यायचं. दुर्लक्ष झालं की पिल्लू मरतं! त्यामुळे पोरं ते वर्गातही नेऊ लागली आणि अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली.

मग या हौशी मंडळींचे क्लब कशासाठी?

२००४ मध्ये इन्फ्रारेडची सोय असलेलं मॉडेल आलं. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसाच हा न दिसणारा प्रकाश. दोन खेळणी समोरासमोर धरली की पिल्लं एकमेकांना भेटतात, भेटवस्तू देतात, मोठी झाल्यावर त्यांचं लग्नही लागतं. पण त्यासाठी दोन माणसांनी जवळ बसावं लागतं. म्हणूनच हौशी लोक एकत्र जमतात.

घरात असं खेळणं असेल तर एवढं लक्षात ठेवा: आत घड्याळासारखा गोल सेल असू शकतो. असा सेल लहान मुलाने गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. झाकणाचा स्क्रू घट्ट ठेवा. नुसता संशय आला तरी वाट न पाहता मोठा दवाखाना गाठा.