कांतीआडचा कणा

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२ साली इंग्लंडात बाजारात आणलेल्या, जेमतेम सातशे किलोंच्या ‘एलान’ मोटारीचा मोह पडणे स्वाभाविक असले, तरी तिची परीक्षा रंगाच्या तकाकीवरून करणे अनिष्टच. कारण फायबरग्लासची काया गंजत नाही, पण तिच्याआड दडलेला पोलादी कणा, म्हणजेच चासी, गंजाला बळी पडू शकतो. यास्तव गाडी उचलून, विशेषतः पुढील सस्पेन्शनलगतचा भाग विजेरीच्या उजेडात न्याहाळावा, मागील चाकांना गती पोचवणाऱ्या रबरी जोडांच्या भेगा तपासाव्यात आणि पाण्याचा पंप गळत नाही ना, याचीही खातरजमा करावी, कारण तो बदलणे मोठे खर्चाचे काम. चासी बदललेली असल्यास पावत्यांचे दफ्तर मागावे. कणा निकोप नसेल, तर सौदा मोडणेच श्रेयस्कर.