जळालेल्या कॉइलची साक्ष

तासगाव, विटा, कराड, कोरेगाव, दहिवडी. शेतीपंपांवर जगणाऱ्या या पट्ट्यात बाजाराच्या कुठल्याही गावी गेलं, की मोटारी भरून देणारी दोन-चार दुकानं सापडतातच. दारात उघडे स्टेटर पडलेले असतात, आत फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळली जात असते आणि जळक्या वार्निशचा घशात बसणारा वास सगळीकडे भरलेला असतो. या कामाकडे आपण ठिगळ लावण्याचं काम म्हणून बघतो. मोटार जळली, काढली, भरून आणली, पुन्हा विहिरीत सोडली. माझं म्हणणं असं, की सातारा-सांगलीच्या रानात वीज कोणत्या अवस्थेत पोचते याचा सगळ्यात सच्चा पुरावा याच दुकानांत येतो. तो वाचता येणारा माणूसही तिथेच बसलेला असतो. आणि हा पुरावा रोज भंगाराच्या पोत्यात जातो.

तीन फेजच्या मोटारीत कॉइलचे तीन संच असतात आणि ते कसे जळले यावरून मोटार का जळली ते कळतं. मोटार स्टारमध्ये जोडलेली असेल आणि चालता चालता एक फेज गेला, तर सगळा भार उरलेल्या दोन संचांवर येतो. ते काळेठिक्कर पडतात आणि तिसरा संच मात्र कालच भरल्यासारखा लालसर, चकचकीत राहतो. डेल्टामध्ये याच्या उलट होतं: एक जळतो, दोन वाचतात. तिन्ही संच सारखेच करपले असतील तर कमी व्होल्टेज, जादा भार किंवा गाळाने अडकलेला पंप. एकच कॉइल काळी असेल तर तिच्या वेढ्यांत शॉर्ट झालेलं आहे. खाचेच्या तोंडाशी तांबं वितळून त्याचा मणी झाला असेल तर तार तिथे बॉडीला लागली. जाणत्या कारागिराला हे झाकण काढताक्षणी दिसतं. ‘फेज गेलाय’ असं तो म्हणतो, शेतकरी मान डोलावतो आणि छिन्नी चालू होते. पुढच्या पंधरा मिनिटांत सगळी साक्ष कापून निघालेली असते.

जुन्या कॉइलचे वेढे मोजणं, तारेचा गेज बघणं, कितव्या खाचेतून कितव्या खाचेत उडी आहे ते टिपणं, ही सुरुवातीची कामं. खरा कस लागतो तो पाणबुडी मोटारीत. तिचा स्टेटर लांब आणि अरुंद, हात जेमतेम शिरेल एवढा. साध्या मोटारीत फर्म्यावर तयार केलेली कॉइल खाचेत बसवता येते. बोअरच्या अनेक मोटारींत मात्र तार एकेक वेढा करून या टोकाकडून त्या टोकाला ओवावी लागते. तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, कारण आतली कॉइल आयुष्यभर पाण्यातच राहणार असते. ओढताना पत्र्याच्या कडेला घासून एक ओरखडा पडला, तरी इन्सुलेशन तपासणारा मेगर तो दाखवेलच असं नाही. पाणी मात्र तो शोधून काढतं. म्हणून कारागीर तार ओढताना खाचेच्या तोंडाशी दुसऱ्या हाताचं बोट ठेवतो आणि प्रत्येक वेढा त्या बोटावरून आत जाऊ देतो. घाई करणाऱ्याची मोटार परत येते. जत किंवा माणच्या खोल बोअरमधली मोटार परत येणं म्हणजे पुन्हा चेनपुली, पुन्हा माणसं आणि सगळा पाइप पुन्हा वर काढणं.

या धंद्यात एक आकडा धरून चालावं लागतं: १० अंश. इन्सुलेशन सोसेल त्यापेक्षा तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणखी १० अंश, म्हणजे पाव. आता रानातली स्थिती बघा. कागदावर दोन फेजमधलं व्होल्टेज ४१५. डीपीवरच्या, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेवटच्या मोटारीला ते कितीतरी कमी मिळू शकतं. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर मोटारीची फिरवण्याची ताकद जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते. पाणी मात्र तेवढंच वर चढवायचं असतं, म्हणून मोटार जास्त करंट ओढते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ते १० अंश इथून येतात. कितीही मन लावून भरलेली कॉइल यापुढे टिकत नाही.

चूक शेतकऱ्याचीच आहे, हा आक्षेप लगेच येतो. ऑटो स्विच लावतात, ओव्हरलोड रिले काढून मोटार थेट जोडतात, कॅपॅसिटर बसवत नाहीत. यात तथ्य आहे. वीज परतल्याक्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज आणखी कोसळतं. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर लावा असं वारंवार सांगतं ते बरोबरच आहे. पण ज्याला ठरावीक आठ तास वीज, तीही आठवड्यातले काही दिवस रात्री, तो रात्री दोन वाजता विंचवा-सापाच्या वाटेने स्टार्टरचं बटण दाबायला जाण्याऐवजी ऑटो स्विच लावणारच. रिले सतत पडत असेल तर त्याला रिलेच खराब वाटतो. बिघाड लाइनमध्ये आहे हे सांगणारा पुरावा त्याच्या हातात नसतो. तो दुकानात कापला गेलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भरलेली मोटार वीज जास्त खाते, त्यापेक्षा नवी घ्या. १९१० पासून किर्लोस्करवाडी असलेल्या सांगली जिल्ह्यात नव्या मोटारीची वानवा नाही. पण भरल्याने मोटार बिघडतेच असं नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोटार-दुरुस्ती संघटनांनी २००३ मध्ये संयुक्त चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. काम शिस्तीने केलं तर कार्यक्षमतेतला फरक ०.२ टक्क्यांच्या आत राहतो, असं त्यांत दिसलं. त्यांतल्या बहुतेक मोटारी आपल्या शेतीपंपांपेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या आणि जुनं वार्निश नियंत्रित भट्टीत जाळलेलं होतं, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे नुकसान होतं ते नेमकं या जागी. इनॅमलची तार सुटावी म्हणून गॅसच्या उघड्या ज्वाळेने स्टेटर भाजला, की पातळ पत्र्यांमधलं आवरणही जळतं. पत्रे एकमेकांना चिकटतात, लोखंडातच करंट फिरू लागतो, आणि नवी कोरी कॉइल घातली तरी मोटार तापते. दारातला तो उग्र वास या नुकसानीचाही असू शकतो. उपाय तापमान मोजणाऱ्या भट्टीचा आहे. एकट्या दुकानदाराला ती परवडत नसेल तर तालुक्याला एक असावी. नवी मोटार त्याच डीपीवर, त्याच व्होल्टेजवर जोडली तर तीही त्याच वाटेने जाते, फक्त खर्च कैकपट.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज आहे. बिल गेलं, मोटार भरण्याचा खर्च राहिला. खराब विजेची किंमत शेतकरी आता मुख्यतः या दुकानातच मोजतो. म्हणून इथे एक वही हवी. तारीख, गाव, डीपीचा नंबर, मोटारीचे एचपी आणि कोणता संच कसा जळाला, एवढं छिन्नी मारण्याआधी लिहायचं, सोबत मोबाइलवर एक फोटो. कारागिराला याचे पैसे मिळाले पाहिजेत, कारण हे निदान आहे आणि ते त्यालाच जमतं. माण आणि जत या दोन तालुक्यांत वर्षभर अशी वही राखली, तर कोणत्या डीपीवर फेज जातो आणि कोणत्या लाइनच्या शेवटी व्होल्टेज मरतं, ते महावितरणच्या उपविभागाला गावाच्या नावानिशी समोर दिसेल.