जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये मागचे सीटबेल्ट बसवताना

फोक्सवॅगनच्या ‘टाइप २’ व्हॅनची दुसरी पिढी जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात तयार झाली. पुढच्या मोठ्या बाकदार काचेमुळे ती ‘बे विंडो’ या नावाने ओळखली जाते. वेस्टफालिया, डेव्हन, डॅन्बरी अशा कंपन्या या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, कपाटे बसवून तिचे फिरते घर करत. या घरात मागे बसणाऱ्यांसाठी मात्र बहुतेक वेळा सीटबेल्टच नसत. ब्रिटनमध्ये मागच्या सीटवरील प्रौढांना बेल्ट लावणे सक्तीचे झाले ते १९९१ साली. मुळातच बेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत ते बसवण्याची सक्ती तिथे आजही नाही. पण अशा गाडीतून तीन वर्षांखालील मुलाला नेता येत नाही. घरात लहान मूल आले की अनेक व्हॅनमालकांना हे काम हाती घ्यावे लागते, ते यामुळेच.

बेल्टवर किती ताण येतो याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ७५ किलो वजनाच्या माणसाला अडवण्यासाठी सुमारे एक टन वजनाइतके बळ लागते. बेल्ट नसेल तर हा सगळा भार पुढच्या सीटवर आणि तिथल्या माणसाच्या पाठीवर जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरील बेल्टचा प्रश्न महाराष्ट्रातही ऐरणीवर आला होता.

बेल्टची पट्टी आणि बोल्ट हा ताण सहज पेलतात. खरा प्रश्न असतो बोल्ट ज्या पत्र्यात बसतो त्याचा. या व्हॅनच्या जमिनीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा आहे. त्याला नुसते भोक पाडून वॉशर लावला, तर जोराच्या धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून वॉशरसकट वर येतो. म्हणून ब्रॅकेट शक्यतो गाडीखालून जाणाऱ्या लांब दांड्यांना किंवा त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना धरून बसवावे लागते. त्या जागा सोयीच्या नसतील, तर पत्र्याखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी द्यावी लागते. तिचे कोपरे गोल घासावेत. टोकदार कोपरा नेमका ताण आल्यावरच पत्रा कापतो. पट्टीला जोडलेल्या नटाचे आटे ७/१६ इंची, बारीक पिचचे असतात. जगभरच्या सीटबेल्टच्या बोल्टचे हेच प्रचलित माप आहे. त्या जागी हाताशी असलेला साधा मेट्रिक बोल्ट ठोकून बसवणे म्हणजे सगळ्या कामावर पाणी फिरवणे होय.

ड्रिल हातात घेण्याआधी गाडीखाली शिरून पाहणे अत्यावश्यक आहे. या व्हॅनचे इंजिन मागे असते आणि पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढे, गिअरबॉक्सच्या वर, म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागच्या पडद्याआड असते. तिथे भोक पाडायचे किंवा वेल्डिंग करायचे झाले तर टाकी आधी बाहेर काढावी लागते आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते. एवढा खटाटोप नको म्हणून टाकी जागेवर ठेवून ठिणग्या उडवणे हा जिवाशी खेळ आहे. असे काम अनुभवी वेल्डरकडेच द्यावे.

ब्रॅकेटची जागाही तितकीच महत्त्वाची. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कटीच्या हाडांवर बसायला हवा. त्यासाठी पट्टा खालच्या ब्रॅकेटकडे जमिनीशी ३० ते ८० अंशांचा कोन करून गेला पाहिजे. ब्रॅकेट फार मागे गेले तर पट्टा आडवा होऊन पोटावर सरकतो आणि आतड्यांना इजा होते. नुसत्या कमरपट्ट्यापेक्षा खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट केव्हाही चांगला. व्होल्वोचे अभियंता निल्स बोहलिन यांनी तो १९५९ साली प्रत्यक्षात आणला. मात्र त्याचे वरचे टोक खांद्याच्या खाली येऊ देऊ नये, नाहीतर धक्क्यात पट्टा खांदा खाली खेचतो आणि मणक्यावर दाब येतो. हे टोक खिडकीशेजारच्या पोकळ खांबात घेतात आणि तिथेही आतून जाड पट्टी वेल्ड करावी लागते.

सीट उलगडून पलंग होणाऱ्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. प्लायवूडच्या किंवा हलक्या चौकटीच्या पलंगाला बेल्ट अडकवला, तर अपघातात माणूस पलंगासकट पुढे येतो. बेल्टची टोके थेट गाडीच्या सांगाड्याला हवीत आणि पलंगही जमिनीला स्वतंत्रपणे घट्ट बांधलेला हवा. आडव्या, बाजूला तोंड करून असलेल्या बाकांवर बेल्ट बसवला तरी भरवसा ठेवू नये. तिथे धक्का शरीराच्या कुशीत बसतो; प्रवासात ती जागा रिकामी राहिलेलीच बरी.

शेवटचे काम गंज रोखण्याचे. नव्या भोकांच्या कडा, पट्टीच्या दोन्ही बाजू आणि वेल्डिंगचे सांधे यांना जस्ताचा प्रायमर, रंग आणि खालून मेणाचा थर द्यावा लागतो. ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीत बेल्टच्या प्रत्येक ब्रॅकेटभोवतीचा ३० सेंटिमीटरपर्यंतचा पत्रा गंजासाठी पाहिला जातो. चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना मात्र या तपासणीतून सूट आहे. त्यामुळे बे विंडोच्या मालकाने वर्षातून एकदा गालिचा उचलून, गाडीखाली बॅटरी धरून हा पत्रा स्वतः ठोकून पाहायला हवा.