आधी अभ्यास, मग आकाश

कन्हानहून सोनेगाव विमानतळ फार लांब नाही. नदीचा पूल, कामठी, मग नागपूर ओलांडलं की शासनाचा नागपूर फ्लाइंग क्लब. तरी कन्हानच्या पोरीने ‘विमान शिकते’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न पैशांचाच निघतो, आणि तो रास्त आहे.

आधी दोन परवान्यांतला फरक घरी समजावून सांगा. हौसेच्या खाजगी परवान्याला किमान 40 तासांचं उड्डाण लागतं, तर नोकरीच्या व्यावसायिक परवान्याला 200. शिकाऊ परवाना मात्र दहावी झाल्यावर सोळाव्या वर्षीच मिळू शकतो. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या.

खरा खर्च हवेतल्या तासांचा. दोन आसनी सेसना 152 तासाला वीसेक लिटर पेट्रोल पिते. म्हणून हवामान, दिशादर्शन आणि नियम यांचा अभ्यास जमिनीवर, घरच्या टेबलावर पक्का करावा. महिनाभराचा खाडाही महाग पडतो, कारण हात विसरतो आणि तेच धडे पुन्हा पैसे देऊन गिरवावे लागतात. मला वाटतं, उशिरा सुरुवात केली तरी चालेल, पण सलग शिकावं.

उड्डाणाआधी टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरतात. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब तर नाही ना, हे पाहतात. ही नजर फुकट कमावता येते.

कॉलेजात असाल तर एनसीसीच्या हवाई शाखेत जा. तिथल्या मायक्रोलाइट उड्डाणाने परवाना मिळत नाही, पण आकाश आपल्याला मानवतं का, हे घरचा पैसा न मोडता कळतं.