पोर्तुगीज राजाचा रुपया

दिल्लीच्या दरीबा कलाँ बाजारात चांदीचे मोल तराजू ठरवितो. नाण्यांच्या संग्राहकाने मात्र तराजूवर विसंबू नये. गोव्याचा १८८१ चा ‘रुपिया’च पाहा. त्यावर पोर्तुगालचा राजा पहिला लुईश याची छबी आहे. वजन मात्र ब्रिटिश रुपयाइतकेच, एक तोळा, आणि कसही तोच, बारांत अकरा भाग चांदी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळविले, त्याची ही खूण. १९१० साली पोर्तुगालची राजेशाही संपली आणि १९१२ च्या रुपियावर राजाच्या जागी प्रजासत्ताकाची स्त्रीमूर्ती आली. सोनाराच्या मुशीत हे सारे रुपये सारखेच. म्हणून, श्रोतेहो, असे नाणे हाती आल्यास ते घासून उजळू नये, मोडीतही घालू नये. आधी त्यावरील अक्षरे वाचावीत.