तंत्रिका कोशिकाजनन, फळमाशीतील

तंत्रिका कोशिकाजनन, फळमाशीतील : फळमाशीच्या भ्रूणात तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) जीनांच्या नियंत्रणाखाली ज्या क्रमाने निर्माण होतात, त्या प्रक्रियेस ही संज्ञा देतात. येथे फळमाशी म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही, आंबू लागलेल्या केळ्यांवर घोंघावणारी, तांबड्या डोळ्यांची, सु. ३ मिमी. लांबीची माशी होय. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी, कारंजा यांसारख्या संत्री पिकविणाऱ्या भागात फळमाशी म्हटले की फळांत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा प्रजातीची कीड डोळ्यांपुढे येते. ती निराळ्या कुलातील आहे. मराठीत दोन्ही कीटकांना एकच नाव पडल्यामुळे घोटाळा होतो. ड्रॉसोफिला पाळण्यास सोपी असते, तिच्यात गुणसूत्रांच्या चारच जोड्या असतात व २५° से. तापमानास अंड्यातून डिंभ (अळी) बाहेर पडण्यास जेमतेम एक दिवस लागतो. यांमुळे आनुवंशिकीविज्ञांनी तिचा विसाव्या शतकाच्या आरंभापासून उपयोग केला.

अंडे घातल्यानंतर सु. ४ तासांनी भ्रूणाच्या अधर (खालच्या) बाजूच्या बाह्यस्तरातून काही कोशिका सुट्या होऊन आत सरकू लागतात. त्या तंत्रिकाजनक कोशिका होत. शरीराच्या प्रत्येक खंडाच्या अर्ध्या भागात त्या सु. ३० असतात आणि त्यांपैकी प्रत्येकीची जागा ठरलेली असते. मागे राहिलेल्या कोशिकांपासून त्वचा बनते. एकाच स्तरातील, दिसण्यात सारख्या असलेल्या शेजारणींपैकी एक तंत्रिकेची जननी व्हावी आणि बाकीच्यांनी त्वचा व्हावे, हे कशाने ठरते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

याचे उत्तर प्रथम उलट्या बाजूने मिळाले. नॉच या जीनाचे नाव उत्परिवर्ती माशीच्या पंखाच्या कडेला पडणाऱ्या खाचेवरून आले आहे. हा जीन ज्यांत मुळीच नाही असे भ्रूण मरतात. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड पोलसन यांनी अशा भ्रूणांचे परीक्षण केले, तेव्हा तंत्रिका ऊतक कमी पडण्याऐवजी अतोनात वाढलेले आणि अधर बाजूची त्वचा जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. याचा अर्थ असा की, त्या पट्ट्यातील बहुतेक सर्व कोशिका तंत्रिका होण्यास समर्थ असतात आणि नॉचचे काम त्यांना आवरण्याचे असते. तंत्रिका निर्माण करणारा असा एखादा स्वतंत्र जीन असतो, ही सोपी कल्पना त्यामुळे टिकत नाही. जीनांना बिघाडावरून नावे देण्याची प्रथा नवख्या वाचकाची अशा ठिकाणी हमखास दिशाभूल करते.

यंत्रणेचा तपशील १९८० नंतर उलगडला. प्रथम पाच-सहा कोशिकांच्या लहान समूहात अकीट, स्क्यूट व त्यांचे सजातीय जीन कार्यान्वित होतात. त्यांची प्रथिने केंद्रकात राहून इतर जीनांना चालना देतात व समूहातील प्रत्येक कोशिकेस तंत्रिका होण्याची पात्रता आणतात. या कोशिकांच्या पृष्ठभागावर डेल्टा हे प्रथिन असते आणि ते शेजारच्या कोशिकेवरील नॉच या ग्राही प्रथिनास जाऊन भिडते. मग नॉचचा आतील भाग तुटून केंद्रकात जातो आणि तेथे अकीट-स्क्यूट गटास दडपणाऱ्या जीनांना जागे करतो. ज्या कोशिकेत हा गट दडपला जातो, तिच्यातील डेल्टाही घटते. त्यामुळे ती शेजारणीस फारसे रोखू शकत नाही. आरंभीचा किरकोळ फरक असा वाढत जातो व शेवटी एकच कोशिका समूहातून वेगळी निघते. यास पार्श्विक निरोधन म्हणतात.

निवड झालेली कोशिका असमान विभाजन पावते. मोठी कन्या-कोशिका पुन्हा विभागत राहते; लहान कन्या-कोशिकेच्या वाट्यास प्रॉस्पेरो हे प्रथिन येते. ही लहान कोशिका सामान्यतः एकदाच विभागून तंत्रिका कोशिका अथवा त्यांच्या आधारकोशिका देते. मोठ्या कोशिकेत हंचबॅक, क्रुपेल, पीडीएम व कास्टर ही प्रथिने एकामागून एक प्रकट होतात. त्यामुळे आधी व नंतर जन्मलेल्या तंत्रिका कोशिका भिन्न प्रकारच्या होतात. यांपैकी हंचबॅक व क्रुपेल हे जीन काही तास आधी शरीराची खंडरचना ठरवून मोकळे झालेले असतात. जुनीच अवजारे निराळ्या कामास लावण्याचा हा प्रकार सजीवांत सर्रास आढळतो.

महाराष्ट्रात या माशीच्या तंत्रिका तंत्राच्या अभ्यासाचा पाया मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत घातला गेला. होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने ओबेद सिद्दिकी यांनी तेथे १९६२ मध्ये रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. सिद्दिकी व सेमूर बेंझर यांनी तापमान वाढताच पक्षाघात होणाऱ्या उत्परिवर्ती माश्यांवरील संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये व्हेरोनिका रॉड्रिग्स (१९५३–२०१०) या संस्थेत आल्या. प्रारंभी त्यांनी गंध न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या. पुढे गंधेंद्रिये घडतात कशी, याकडे त्या वळल्या. भ्रूणातील वर सांगितलेली रीत कोशावस्थेत शृंगिका तयार होतानाही वापरली जाते. माशीच्या शृंगिकेवर गंधग्राही केसांचे तीन मुख्य प्रकार असतात. त्यांपैकी खळग्यात बसलेल्या आखूड केसांना अटोनल या जीनाची गरज असते व तो नसल्यास तेवढेच केस उगवत नाहीत, असे रॉड्रिग्स यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखविले. उरलेल्या दोन प्रकारांस लागणारा त्याचा सजातीय आमोस हा जीन नंतर परदेशात सापडला. म्हणजे इंद्रियाचा प्रकारही पात्रता देणाऱ्या जीनावर अवलंबून असतो.

अटोनलचा प्रतिरूप जीन सस्तन प्राण्यांत आहे. तो नसलेल्या उंदरांच्या अंतर्कर्णात ध्वनिग्राही रोमकोशिका तयार होत नाहीत, असे १९९९ मध्ये आढळले. उंदराचा हा जीन माशीत घातल्यास तो अटोनलची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. मानवात नॉचसारखे चार जीन असून त्यांपैकी तिसऱ्यातील उत्परिवर्तनांमुळे मेंदूच्या सूक्ष्म रोहिण्या बिघडतात व प्रौढ वयात वारंवार पक्षाघाताचे झटके येणारा आनुवंशिक रोग होतो.