पंचवीस पाहुण्यांसाठी स्पेनचा थंडगार भात

जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण स्पेनमध्ये पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी घरी गोतावळा जमला, तरी तेथील गृहिणी भर दुपारी शेगडीपुढे उभी राहत नाही. भात सकाळीच शिजवून गार करते, त्यात भाज्या, मासे, अंडी मिसळते आणि जेवणाच्या वेळी फ्रिजमधून थेट टेबलावर आणते. हीच ‘एन्सालादा दे आरोस’, म्हणजे भाताचे सॅलड.

भात ही स्पेनला अरबांची देणगी. तांदळाला ‘आरोस’, तेलाला ‘आसेइते’ आणि ऑलिव्हला ‘आसेइतुना’ हे तिन्ही शब्द मूळचे अरबीच. व्हॅलेन्सियाजवळ आल्बुफेरा सरोवराकाठी आजही भातशेती होते.

साहित्य : 1 किलो लांब दाण्याचा तांदूळ, 1 किलो घट्ट टोमॅटो, 4 लाल-हिरव्या ढोबळी मिरच्या, 2 कांदे, 2 वाट्या ऑलिव्ह, 2 वाट्या उकडलेले मक्याचे दाणे, डब्यातला टूना मासा अर्धा किलो, 10 उकडलेली अंडी, 1 कप ऑलिव्ह तेल, पाव कपाहून थोडे जास्त व्हिनेगर, मीठ.

कृती : दोन मोठ्या पातेल्यांत भरपूर पाणी मीठ घालून उकळा. तांदूळ वाटून घाला. दाणा शिजला पण मोडत नाही, अशा वेळी चाळणीत ओता. वरून पिण्याचे गार पाणी घाला व पूर्ण निथळू द्या. पाणी राहिले, तर सॅलड बेचव होते. आता तेल, व्हिनेगर व मीठ फेटून त्यातील निम्मे भाताला चोळा. भात परातींत बोटभर जाडीचा पसरा आणि गार होताच झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मिरच्या, कांदा, मका, ऑलिव्ह व टूना तासभर आधी मिसळा. टोमॅटोला पाणी सुटते. म्हणून ते, अंडी आणि उरलेले मिश्रण वाढतानाच घाला. शाकाहारी मंडळींसाठी मासे-अंडी घालण्यापूर्वीच वेगळा वाटा काढा.

ही काळजी घ्याच : गर्दीच्या स्वयंपाकात चूक होते ती येथे. मोठ्या पातेल्यातला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात व विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही आणि भाताला वासही येत नाही. म्हणून शिजवल्यापासून तासाभरात भात फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे आणि 24 तासांत संपला पाहिजे. एकदम सगळा टेबलावर मांडू नका. लागेल तसा बाहेर काढा.

काही घरी मेयोनेजही घालतात. पण 1991 मध्ये स्पेन सरकारने उपाहारगृहांच्या मेयोनेजमध्ये कच्च्या अंड्याऐवजी पाश्चरीकृत अंडे बंधनकारक केले, ते साल्मोनेलाच्या भीतीनेच. तेव्हा पंक्तीसाठी तेल-व्हिनेगरच बरे. पाहुणे तृप्त होऊन गेले, एवढेच पुरेसे नाही. दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत असले पाहिजेत!